साखर आटोक्यात आल्यानंतर अ‍ॅप कसे वापरावे

आयसीएमआर-इंडियाब या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे देशातील सर्वाधिक प्रमाण, 26.4 टक्के, गोव्यात आढळले. त्यामुळे पथ्य सांगणे इथल्या परिचारिकांना नवे नाही. खरी कसोटी लागते ती एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणी, खाली आल्यावर रुग्ण सैलावतो तेव्हा, आणि सवयी व आहार नोंदवणाऱ्या मोबाइल अ‍ॅपची मांडणी याच टप्प्यासाठी करावी.

प्रथम रुग्णासोबत बसून एकच सवय निवडावी. ‘वजन उतरवणे’ ही सवय नव्हे. ‘रात्री जेवणानंतर वीस मिनिटे चालणे’ ही सवय. त्याच्या घरी जेवणे केव्हा आटोपतात ते विचारून स्मरणसूचनेची वेळ ठरवावी. सूचनेचा मजकूर त्याला वाचता येईल अशा लिपीत, मराठीत किंवा रोमी कोकणीत, असावा. वाचन जमत नसेल तर आवाजी संदेश ठेवावा.

आहाराची नोंद हा सर्वांत कटकटीचा भाग. अ‍ॅपमधील ‘एक वाटी भात’ आणि घरचा डाव यांचा मेळ बसत नाही, म्हणून उकड्या तांदळाच्या शिताचा एक डाव म्हणजे किती वाट्या, हे एकदा घरी मोजून घ्यायला सांगावे आणि पुढे केवळ ताटाचा फोटो पुरेसा मानावा. फेणीचा रकाना ठेवला तरी तो खरा भरला जाईल अशी आशा धरू नये. ते समोरासमोर विचारलेले बरे.

सलग दिवस मोजणारी सोय शक्यतो बंद ठेवावी, कारण साखळी तुटली की अनेकजण अ‍ॅपच सोडतात. लंडनमधील एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला 18 ते 254 दिवस, मध्यक 66, लागल्याचे दिसले आणि एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. पावसाळ्यात चालणे घराच्या सोप्यात किंवा जिन्यावर हलवावे. गणेश चवथीच्या आठवड्यात उद्दिष्टच कमी ठेवावे, म्हणजे नेवऱ्या (करंज्या) खाल्ल्यावर नोंद लपवण्याची वेळ येत नाही.

नोंदी कोणी पाहत नसेल तर त्या लवकरच थांबतात. तीन दिवस नोंद नसल्यास फोन करावा, संदेश नव्हे. इन्सुलिन किंवा साखर फार उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यास अ‍ॅपवरून मात्रा बदलू देऊ नये. रक्तातील साखर प्रति डेसिलिटर 70 मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास 15 ग्रॅम साखर घेऊन 15 मिनिटांनी पुन्हा तपासण्याची सूचना त्यात ठळक असावी. मोबाइल मुलाचा असेल, तर नोंदी त्याला दिसणार याला रुग्णाची संमती आधी घ्यावी.

सहा महिन्यांनंतर रोजच्या सूचना दोन आठवडे बंद करून पाहाव्यात. चालणे टिकले तर दरमहा वजन आणि डॉक्टर सांगतील तेव्हा एचबीएवनसी एवढीच नोंद ठेवावी. न टिकल्यास सूचना पुन्हा सुरू कराव्यात, पण वेळ बदलून.