ॲस्ट्रोफिजिक्स सुरू करताय? आधी सूर्याचं आयुर्मान काढा

बीएस्सीच्या मुलांना ॲस्ट्रोफिजिक्सची सुरुवात थेट ब्लॅक होलपासून करायची असते. माझा सल्ला बराच नीरस आहे: वही-पेन घ्या आणि सूर्य किती वर्षं जळेल ते काढा. टीवायला असताना एका सीनियरने मला हे गणित घातलं होतं. त्याआधी वाचलेल्या सगळ्या चकचकीत पुस्तकांपेक्षा त्या एका संध्याकाळी जास्त कळलं.

सूर्य दर सेकंदाला सुमारे ४ गुणिले १० चा २६वा घात इतके ज्यूल बाहेर फेकतो. तो आकसत आकसत गुरुत्वीय ऊर्जेवर तळपतो, असं धरा. एकोणिसाव्या शतकात केल्विन आणि हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञांनी हेच धरलं होतं. उत्तर येतं जेमतेम ३ कोटी वर्षं. इकडे पृथ्वीवरचे जुने खडकच ४०० कोटी वर्षांचे! आता हायड्रोजनचं हेलियम होतंय असं धरा. त्यात ०.७ टक्के वस्तुमानाची ऊर्जा होते. सूर्याचा दहावा हिस्सा जरी वापरला गेला, तरी १००० कोटी वर्षं निघतात.

पण गणित इथे संपत नाही. गाभ्याचं तापमान दीड कोटी केल्विन, तरी दोन प्रोटॉनमधलं अपकर्षण ओलांडायला ते कमीच पडतं. मग सूर्य पेटतो कसा? क्वांटमच्या पेपरात मार्कांपुरतं केलेलं टनेलिंग (ऊर्जा कमी असूनही कण अडथळ्यापलीकडे जातो ते) इथे कामाला येतं. श्वेतबटूची (इंधन संपलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या घट्ट गाभ्याची) जास्तीत जास्त वस्तुमानाची मर्यादा, म्हणजे १.४ सौर वस्तुमानांची चंद्रशेखर मर्यादाही अशीच स्टॅट मेकमधल्या (स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स) फर्मी वायूतून, म्हणजे इलेक्ट्रॉनसारख्या कणांच्या वायूतून निघते. म्हणून क्वांटम, स्टॅट मेक आणि ईएम (इलेक्ट्रोमॅग्नेटिझम) हे तीन पेपर ऑप्शनला टाकू नका. बाकी पार्सेक (अंतराचं एकक), मॅग्निट्यूड (ताऱ्याच्या तेजस्वितेचं माप), अर्ग (ऊर्जेचं एकक) वगैरे आठवड्याभरात अंगवळणी पडतं. (मॅग्निट्यूड उलटं चालतं: तारा जितका तेजस्वी, तितका आकडा लहान. चिडून उपयोग नाही.)

पुण्यात असाल तर चैनच आहे. आयुका आणि एनसीआरए या खगोल संशोधनाच्या दोन्ही संस्था विद्यापीठाच्या आवारात आहेत. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे जा आणि संशोधकांना गाठून प्रश्न विचारा. बीएस्सीच्या मुलांसाठी रेडिओ ॲस्ट्रॉनॉमीचं विंटर स्कूलही असतं. तिथे जायचं असेल तर फूरिये ट्रान्सफॉर्म (सिग्नल वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींमध्ये फोडायचं गणित) आणि थोडं पायथन प्रोग्रॅमिंग आधीच करून ठेवा, कारण एवढ्या डिश जोडून चित्र काढायचं काम फूरियेवरच चालतं.