आधी माइक सरकवा, मग नॉबला हात लावा : कॉन्फरन्स रूमच्या आवाजातल्या या चुका टाळा

फोन बहुतेक वेळा साडेदहाला येतो. "भाऊ, अकराला मीटिंग आहे अन् माइक शिट्टी मारून रायला. जरा येऊन जा ना." मी त्या वेळी मानेवाड्याला नाहीतर कोराडी रोडला कुठल्यातरी शिडीवर चढलेला असतो. अर्ध्या तासात नागपूरच्या या टोकाहून त्या टोकाला पोहोचणं होत नाही, म्हणून फोनवरच विचारतो, "बिघडायच्या आधी कशाला हात लावला होता?" उत्तर ठरलेलं. "कशालेच नाही." पोहोचल्यावर पाहावं तर मिक्सरचे, म्हणजे सगळ्या माइकचे आवाज एकत्र करणाऱ्या पेटीचे, सगळे नॉब घड्याळाचा काटा तीनवर असावा तसे वर फिरवलेले असतात.

पंधरा-सोळा वर्षं हेच काम करतोय. बँकांच्या बोर्डरूम, कारखान्यांचे मीटिंग हॉल, कॉलेजांची सभागृहं. चुका त्याच त्याच, माणसं फक्त बदलतात. कंटाळा आला म्हणून लिहून काढतोय.

डिसेंबरात बसवलेली सिस्टिम मे महिन्यात का रडते

ही माझी सगळ्यात नावडती चूक आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

हिंगणा एमआयडीसीतला एक कारखाना. मीटिंगची खोली अंदाजे चोवीस बाय चौदा, एका बाजूला पूर्ण काच, खाली ग्रॅनाइट, वर पीओपी. टाळी वाजवली की ती खोलीभर फिरून परत यायची. कुणीतरी इंटरनेटवर पाहून छतावर लावायचा माइक मागवला होता आणि हिवाळ्यात बसवून घेतला होता. पुण्याच्या ऑफिसशी रोज सकाळी मीटिंग. जानेवारी-फेब्रुवारी ठीक गेले. एप्रिल लागला आणि खिडकीतला भलामोठा लोखंडी कूलर सुरू झाला.

पुण्याहून तक्रार आली की मागे विमान उडाल्यासारखा आवाज येतोय. तेव्हाच्या माणसाने दोन गोष्टी केल्या. गेन, म्हणजे माइकचा आवाज मिक्सरमध्ये शिरतानाच किती वाढवायचा ते, वाढवला, आणि सॉफ्टवेअरमधलं नॉइज सप्रेशन (मागचा गोंगाट कापणारी सोय) शेवटच्या टोकाला नेऊन ठेवलं. कूलरचा आवाज गेला. सगळे खूश.

आता गंमत पाहा. मराठी माणूस वाक्याच्या शेवटी आवाज खाली सोडतो, आणि आपल्या भाषेत 'नाही' नेमकं तिथेच बसलेलं असतं. हिंदीतही 'नहीं हुआ' म्हणताना तेच. सप्रेशन इतकं करकचून आवळलं की ते हळू आवाज आणि कूलर यांच्यात फरक करत नाही, दोन्ही कापून टाकतं. इथून स्टोअरचा माणूस म्हणाला, "कालचा माल निघाला नाही." पुण्यात ऐकू गेलं, "कालचा माल निघाला." त्यांनी पुढे ग्राहकाला तसं कळवून टाकलं. दोन दिवस ट्रक शोधणं चाललं होतं, आणि ट्रक हिंगण्याच्या गेटच्या आतच उभा होता.

मला बोलावलं तेव्हा मी पहिल्यांदा म्हटलं, कूलर बंद करून दाखवा. मॅनेजर माझ्याकडे बघतच राहिले. "भाऊ, बाहेर पंचेचाळीस डिग्री आहे. कूलर बंद केला तर माणसं बंद पडतील." बरोबर होतं त्यांचं. म्हणजे कूलर चालणार हे धरूनच आवाज बसवायला हवा.

तिथलं गणित सोपं होतं. माइक बोलणाऱ्याच्या तोंडापासून सात-आठ फुटांवर आणि कूलरपासून चार फुटांवर. अंतर दुप्पट झालं की थेट पोहोचणारा आवाज सहा डेसिबलनं पडतो. एका फुटावरून दोन, दोनावरून चार, चारावरून आठ : झाले अठरा डेसिबल. ते अठरा डेसिबल गेनने भरून काढता येतात, पण गेन बोलणाऱ्याचा आणि कूलरचा सारखाच वाढतो. मिक्सरला काय माहीत, त्यातला साहेब कोण आणि पंप कोण.

छतावरचा माइक बंद केला. टेबलावर चार गूजनेक, म्हणजे वाकणाऱ्या मानेचे माइक, ठेवले, तोंडापासून फूटभर. ते कार्डिऑइड होते, म्हणजे पाठीमागून कमी ऐकणारे, म्हणून सगळ्या माइकची पाठ कूलरकडे केली. कूलरच्या स्टँडखाली रबराचे तुकडे घातले, कारण पत्र्याची थरथर फरशीतून टेबलात आणि टेबलातून माइकमध्ये चढत होती. प्रत्येक चॅनलचा लो-कट, म्हणजे खालची घरघर कापणारा फिल्टर, शंभर हर्ट्झच्या आसपास लावला. सप्रेशन मधल्या पायरीवर आणलं. 'नाही' परत आलं.

तेव्हापासून माझी सवय अशी : आवाज बसवायचा तो खोली जशी वापरणार तशीच ठेवून. कूलर किंवा एसी चालू, दारं बंद, खुर्च्यांवर माणसं. रविवारी रिकाम्या, शांत खोलीत ट्यूनिंग करून बिल घेऊन जाणारे बरेच आहेत. त्यांना मी नावं ठेवतो आणि ठेवत राहणार. डिसेंबरात काम असेल तरी मी कूलर चालू करायला लावतो. लोक हसतात. हसू द्या.

आणि गेन लावताना 'हॅलो, हॅलो, चेक, चेक' करू नका. तसं बोलताना प्रत्येकजण नेत्यासारखा मोठ्याने बोलतो. मी ऑफिसातल्या सगळ्यात हळू बोलणाऱ्या माणसाला शोधतो, हातात त्या दिवसाचा पेपर देतो आणि खुर्चीला पाठ टेकून वाचायला सांगतो. डिजिटल मीटरवर त्याचं बोलणं उणे अठरा डेसिबलच्या आसपास खेळलं पाहिजे, आणि मग मोठ्या आवाजाचे साहेब बोलले तरी लाल दिवा लागता कामा नये. फेडर, म्हणजे चॅनलची वर-खाली सरकणारी दांडी, शून्याजवळ. गेन तळाला आणि फेडर आकाशात, किंवा उलटं, असं दिसलं की समजायचं घाईघाईत कुणीतरी येऊन गेलंय.

'आमच्याकडे तर एकदम क्लिअर आहे'

ही दुसरी. एको. हा प्रकार इतका उलटा आहे की भलेभले फसतात.

मीटिंगमध्ये मुंबईवाल्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल, तर दोष मुंबईत नसतो, तुमच्या खोलीत असतो. त्याचा आवाज तुमच्या स्पीकरमधून निघाला, तुमच्या माइकमध्ये शिरला आणि त्याच्याकडे परत गेला. तुम्हाला यातलं काहीच ऐकू येत नाही. म्हणून खोलीतला प्रत्येकजण शपथेवर सांगतो की सगळं क्लिअर आहे, आणि तो खोटं बोलत नसतो.

सिव्हिल लाइन्सजवळची एक बोर्डरूम. महागडी सिस्टिम : छतात स्पीकर, टेबलात माइक, कपाटात डीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारं यंत्र). मुंबईला एको. आधीच्या लोकांनी माइक दोनदा बदलून दिले होते आणि आता नवीन डीएसपीचं कोटेशन टेबलावर होतं. मी शनिवारी संध्याकाळी गेलो. त्यांच्याकडच्या एका पोराला फोनवरून मीटिंगमध्ये जोडलं आणि हेडफोन लावून खाली पार्किंगमध्ये पाठवलं. "एकापासून दहापर्यंत मोज आणि काय ऐकू येते ते सांग." तो म्हणाला, "सर, मी तीन म्हणून रायलो तर दोन ऐकू येऊन रायलं."

मग मी खोलीत काही न करता पाच मिनिटं नुसता फिरलो. भिंतीवरच्या टीव्हीजवळ कान नेला तर त्यातूनही बारीक आवाज येत होता. व्हिडिओ कॉन्फरन्सच्या युनिटची एचडीएमआय केबल टीव्हीला गेली होती, तिच्याबरोबर आवाजही गेला होता, आणि टीव्हीचा व्हॉल्यूम सात-आठवर. छतातल्या स्पीकरपुढे तो कुणाला जाणवत नव्हता, टेबलावरच्या माइकला मात्र जाणवत होता. एको काढणारी यंत्रणा आपण स्पीकरला काय पाठवलं याची प्रत जवळ ठेवते आणि माइकमधून तेवढं वजा करते. टीव्ही स्वतःचं 'सराउंड' वगैरे करून आवाज उशिरा सोडत होता, बदलूनही सोडत होता. तो हिशेबात बसत नव्हता.

रिमोट घेतला, म्यूट दाबलं. एको गेला.

ऑफिसचे साहेब म्हणाले, "एवढंच? मग याचे पैसे कसले?" मी म्हटलं, बटण दाबायचे काही नाहीत, कुठलं दाबायचं त्याचे आहेत. पैसे दिले, पण चेहरा उतरला होता. कोटेशन फाडलं की नाही ते मला माहीत नाही.

याच जातीच्या आणखी दोन. एकाच खोलीत दोन लॅपटॉप एकाच मीटिंगला जोडायचे आणि दोघांचे माइक-स्पीकर चालू ठेवायचे : लगेच भोंगा. दुसऱ्या लॅपटॉपला आवाज जोडूच नका, नुसती स्क्रीन दाखवा. आणि मीटिंग चालू असताना अॅम्प्लिफायरचा नॉब फिरवत बसू नका. एको काढणाऱ्या यंत्रणेने खोली एकदा शिकून घेतलेली असते, तुम्ही नॉब फिरवला की तिला परत शिकावं लागतं आणि तोवर समोरचा ओरडतो. व्हॉल्यूम बदलायचा तर रिमोटवरून किंवा डीएसपीतून, म्हणजे तिला कळतं.

शिट्टी

बोर्डाच्या सभेला आठ माइक मांडतात आणि आठही चालू ठेवतात. शिट्टी म्हणजे स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून गोल गोल फिरणं. चालू माइक दुप्पट झाले की शिट्टी लागायच्या आधी आवाज वाढवायची मोकळीक तीन डेसिबलनं कमी होते. एकाचे आठ झाले तर नऊ डेसिबल गेले. बोलत नाही त्याचा माइक बंद ठेवा, किंवा ऑटो-मिक्सर (बोलणाऱ्याचाच माइक आपोआप उघडणारा) असलेली सिस्टिम घ्या. अध्यक्ष सोडून इतरांचे माइक बटण दाबून चालू होणारे असले तर सभाही जरा शिस्तीत चालते, हा वरचा फायदा.

स्पीकर माइकच्या पुढे, ऐकणाऱ्यांकडे वळवलेले, माइकच्या तोंडाकडे नाही. माइकचं डोकं मुठीत धरू नका, जाळी झाकली की त्याची दिशा बिघडते आणि तो चारी बाजूंनी ऐकायला लागतो. नवशिका मुलगा शिट्टी ऐकली की इक्वलायझरच्या, म्हणजे जाड-बारीक आवाज वेगवेगळे कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या, निम्म्या पट्ट्या खाली ओढतो. आवाज मग डब्यातून आल्यासारखा होतो आणि शिट्टी तिथेच. आधी माइक सरकवा, स्पीकर वळवा. तेवढ्यानं भागलं नाही तर गेन हळूहळू चढवून पहिली शिट्टी कुठल्या पट्टीत येते ते ओळखा आणि तेवढीच पट्टी अरुंद ठेवून तीन ते सहा डेसिबल उतरवा. अशा दोन-तीन जागा पुरतात. दहा लागत असतील तर मांडणीच चुकलीय.

फुंकर मारून माइक तपासणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही. माझं डोकं फिरतं.

घूंऽऽ

लॅपटॉपचं चार्जर लावलं की स्पीकरमध्ये घुमतं, काढलं की थांबतं. लॅपटॉप विजेच्या एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या, दोघांच्या अर्थिंगच्या वाटा वेगळ्या, आणि त्या दोन वाटांचा वळसा पूर्ण होतो ऑडिओच्या केबलमधून. उपाय : दोन्ही एकाच बोर्डावरून घ्या, नाहीतर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा, तो छोटासाच असतो. प्लगची अर्थची पिन मात्र कापू नका. घूं थांबेल, पण बिघाड झाला की करंट माइकच्या दांड्यातून माणसात जाईल. पिन कापून देणारा 'शॉर्टकटवाला' मिस्त्री मला दिसला तर मी त्याच्यासोबत तर्री-पोहासुद्धा खाणार नाही.

आपल्याकडे आणखी एक आहे. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते आणि अर्थिंगचा खड्डा नावालाच उरतो. मे महिन्यात अचानक घूं वाढली तर मी आधी वॉचमनला विचारतो, खड्ड्यात पाणी कधी टाकलं होतं. तो म्हणतो, कुठला खड्डा?

माइकची लीड आणि कूलरची वायर एकाच पट्टीतून नेऊ नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

बाकीच्या चुका

चालू करताना अॅम्प्लिफायर सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी. उलटं केलं तर 'धप्प' होतं आणि एखाद्या दिवशी स्पीकर जातो.

कंडेन्सर माइक (बाहेरून वीज लागणारा) मेला असं वाटलं तर मिक्सरवरचं ४८ व्होल्टचं बटण चालू आहे का ते पाहा. दर महिन्याला एक तरी माइक असा 'मेलेला' भेटतो.

शंभर व्होल्ट लाइनच्या (लांब वायरवर बरेच स्पीकर चालवणाऱ्या) अॅम्प्लिफायरच्या त्याच टोकांना साधा आठ ओहमचा स्पीकर लावू नका. लाइन ट्रान्सफॉर्मर असलेलेच लावा, आणि त्यांच्या टॅपिंगची (कुठला स्पीकर किती वॅट घेणार त्याची) बेरीज अॅम्प्लिफायरच्या वॅटच्या आत ठेवा.

यूएसबीचा माइक पंधरा फुटांपलीकडे साध्या केबलने ओढू नका. यूएसबी २ ची हद्द पाच मीटर आहे.

भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवू नका. फक्त वरच्या पट्टीतलं थोडंफार कमी होतं, मूळ घुमणं तसंच राहतं, आणि पाली मात्र येतात. जाड पडदा, खाली गालिचा, काचेच्या समोरच्या भिंतीवर अकूस्टिक पॅनेल. खर्च आहे, पण नवीन माइकपेक्षा कमी.

सगळं जमलं की मी मिक्सरचा फोटो काढतो आणि छापून कपाटाच्या दारावर आतून चिकटवतो. फोनवर "भाऊ, काहीच केलं नाही" ऐकलं की म्हणतो, फोटो पाहा आणि तसं करा. निम्मे फोन तिथेच मिटतात.

आणि वायरलेस माइकमधले सेल मीटिंग संपली की काढून ठेवा. पुढची मीटिंग दीड महिन्यानं असते, तोवर सेल पाझरतो, स्प्रिंग हिरवी पडते, आणि साडेदहाला मला फोन येतो.