टेस्टोस्टेरॉन वाढवायचंय? आधी सोलापूरच्या उन्हाळ्यात झोपायला शिका

जिममध्ये नवीन पोरगा आला की पंधरा दिवसांत प्रश्न ठरलेला: "सर, टेस्टोस्टेरॉनसाठी कुठली पावडर घेऊ?" डबा खाली ठेव आणि पुढचं क्रमाने कर.

पहिलं, रक्तातलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, तपासा. सकाळी 7 ते 10 च्या दरम्यान, उपाशीपोटी. हे हार्मोन सकाळी सर्वात जास्त असतं, त्यामुळे संध्याकाळच्या रिपोर्टवरून घाबरण्यात अर्थ नाही. आकडा 300 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आला, तर दुसऱ्या एखाद्या सकाळी पुन्हा तपासा. एका रिपोर्टवर औषध सुरू करणाऱ्याकडे परत जाऊ नका. रातपाळी करत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण सकाळची ही वाढ झोपेला बांधलेली असते.

दुसरं, झोप. खरी गोची इथेच आहे आणि मलाही हीच पायरी सगळ्यात जड गेली. 2011 मध्ये शिकागोत दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन 10 ते 15 टक्क्यांनी उतरलं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-43 वर, दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत आग ओकतो, आणि सल्ला मिळतो "लवकर झोपा". कसं झोपणार?

"गच्चीवर पाणी मारा" हे सांगणाऱ्याच्या नळाला बहुतेक रोज पाणी येत असावं. आपल्या नळाला चार-पाच दिवसांनी येतं. त्यापेक्षा मार्चमध्येच गच्चीला चुना मारून घ्या, फरक हाताला जाणवतो. कूलर लावा, पण समोरची खिडकी उघडी ठेवून. बंद खोलीत कूलर लावला की दमट हवा तिथेच कोंडते आणि घाम सुकत नाही, मग लोक म्हणतात कूलर खराब आहे. झोपण्याआधी अंघोळ करा. गच्चीवर झोपणार असाल तर मच्छरदाणी हवीच. यंत्रमागावर रातपाळी करून सकाळी घरी येणाऱ्यांनी खिडकीला जाड सोलापुरी चादर टांगावी. तिच्यासारखा पडदा बाजारात मिळत नाही. मोबाईल दुसऱ्या खोलीत. आणि पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर मुकादमाशी बोला, निदान महिनाभर एकच पाळी मागून बघा.

बायको म्हणते तुम्ही जोरात घोरता, मध्येच श्वास अडकतो? मग चुना-कूलर राहू द्या, आधी डॉक्टर गाठा.

तिसरं, पोट. पोटावरच्या चरबीत टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-हार्मोन, होतं. वजन उतरलं की आकडा वर येतो.

चौथं, आठवड्यातून तीनदा वजन उचला, बैठका मारा. दारू कमी. जस्त किंवा ड जीवनसत्त्व रक्तात खरंच कमी असेल तरच गोळी.

भट्टीजवळ किंवा बॉयलरवर काम असेल तर सैल सुती कपडे घाला. वृषणांना शरीरापेक्षा दोन-तीन अंशांनी थंड राहावं लागतं. उष्णतेचा मुख्य फटका शुक्राणूंना बसतो.

आणि जिममधल्या कुणी "एक कोर्स मार" म्हणून इंजेक्शन पुढे केलं तर सरळ नाही म्हणा. बाहेरून हार्मोन आलं की मेंदू वृषणांना काम थांबवायला सांगतो, शुक्राणू घटतात, कधी शून्यावर जातात. लग्न ठरलेल्या पोरांनी तर त्या सुईकडे बघूसुद्धा नये.