शाकाहार आणि कॅन्सर: बातमीतले टक्के आपल्या ताटात कसे उतरवायचे

‘माळकरी माणूस, उभ्या जन्मात मटणाला शिवला नाही, त्याला कसा झाला कॅन्सर?’ बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कुणाच्या घरी असं दुखणं आलं की हा प्रश्न हमखास निघतो. दुसरीकडे मोबाईलवर बातम्या फिरतच असतात, शाकाहारींना कॅन्सरचा धोका इतके टक्के कमी म्हणून. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. म्हणून आधी बातमी कशी वाचायची ते बघू, मग स्वयंपाकघराकडे वळू.

१. अभ्यास कुणावर झाला ते आधी शोधा

आहाराचा अभ्यास औषधाच्या चाचणीसारखा करता येत नाही. चिठ्ठी टाकून ‘तू वीस वर्षं भाजी खा, तू मटण खा’ असं कुणी ऐकणार नाही. म्हणून हजारो निरोगी माणसं निवडतात, काय खाता ते विचारून घेतात आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांच्यातल्या कुणाला कॅन्सर झाला याची नोंद ठेवतात.

ब्रिटनच्या ‘यूके बायोबँक’मधल्या सुमारे ४ लाख ७२ हजार लोकांची अशी पाहणी २०२२ मध्ये छापून आली. सरासरी ११ वर्षांच्या नोंदी होत्या. आठवड्यात पाचपेक्षा जास्त वेळा मांस खाणाऱ्यांच्या मानाने शाकाहारींमध्ये सगळे कॅन्सर धरून धोका १४ टक्के कमी, मांस सोडून मासे खाणाऱ्यांमध्ये १० टक्के कमी आणि मांस कमी खाणाऱ्यांमध्ये फक्त २ टक्के कमी दिसला. अमेरिका-कॅनडातल्या ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या लोकांवरच्या अभ्यासात शाकाहारींना मोठ्या आतड्याचा कॅन्सर २२ टक्के कमी आढळला. हे लोक बहुतेक दारू-सिगारेटपासून लांबच असतात, त्यामुळे आहाराचा फरक त्यांच्यात जरा स्वच्छ दिसतो.

आता गंमत बघा. ऑक्सफर्डच्या ‘एपिक’ अभ्यासात २००९ साली याच आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण शाकाहारींमध्ये उलट जास्त निघालं होतं. आणखी काही वर्षांच्या नोंदी मिळवल्यावर दोन्ही गट जवळजवळ सारखे झाले. एका मथळ्यावर घरचा स्वयंपाक बदलू नये तो यासाठी.

शिवाय तिकडचा शाकाहारी बहुतेक वेळा ठरवून झालेला असतो. तो सिगारेट कमी ओढतो, वजन सांभाळतो. संशोधक याचा हिशेब लावतात, तरी सगळंच वजा होत नाही. पाळी गेलेल्या शाकाहारी बायकांमध्ये स्तनांचा कॅन्सर कमी दिसला, त्यामागे बराच वाटा कमी वजनाचा होता. आपल्याकडचा शाकाहारी जन्मानेच शाकाहारी. साबुदाणा, पॉलिशचा भात, भजी आणि कुंदा, सगळं शाकाहारीच आहे की!

२. टक्के माणसांत मोडून बघा

२०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, सलामी, बेकन वगैरे, पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सर होतो हे पक्कं सिद्ध झालेल्या गोष्टींत टाकलं. तंबाखूही त्याच गटात आहे, म्हणून ‘सॉसेज सिगारेटइतकंच घातक’ असे मथळे आले. ते चूक होते. पुरावा किती पक्का आहे हे गट सांगतो, धोका किती मोठा हे सांगत नाही. रोज ५० ग्रॅम असं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्के वाढतो. ब्रिटनमध्ये शंभरात साधारण सहा जणांना आयुष्यात कधीतरी हा कॅन्सर होतो, तिथे सहाचे सात होतात. आपल्याकडे मुळात हा कॅन्सर तिथल्यापेक्षा बराच कमी. बातमीत टक्के दिसले की ‘कितीचे किती?’ एवढं विचारा. उत्तर नसेल तर पुढे पाठवू नका.

३. ताटात चोथा वाढवा

सगळ्या अभ्यासांत त्यातल्या त्यात भरवशाची गोष्ट हीच. चोथा, म्हणजे धान्य-भाजीतलं फायबर, पोटात पचत नाही. तो मोठ्या आतड्यात जातो, तिथले जिवाणू त्याच्यावर जगतात आणि आतड्याच्या अस्तराला उपयोगी अशी आम्लं तयार करतात. मळही लवकर पुढे सरकतो. रोज ९० ग्रॅम अख्खं धान्य पोटात गेलं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे १७ टक्के कमी होतो, असं जागतिक कर्करोग संशोधन निधीचा आढावा सांगतो. दीड-दोन भाकऱ्यांचं पीठ तेवढंच भरतं.

शंभर ग्रॅम पॉलिशच्या तांदळात चोथा तीन ग्रॅमही नाही. जोंधळ्यात दहा, नाचणीत अकराच्या आसपास, अख्ख्या मसुरात सोळा-सतरा आणि अख्ख्या हरभऱ्यात पंचवीस. अथणी-गोकाककडे जोंधळ्याची भाकरी रोजची, तिकडे सांगायला नको. खानापूरच्या भात खाणाऱ्या घराने भात सोडायचं कारण नाही. तांदूळ कमी पॉलिशचा घ्या, एका वेळी नाचणीची भाकरी करा. बेळगावच्या शिवारात भातानंतर मसूर पिकतो, तो सालासकट आमटीला घाला. अक्खा मसूर हायवेच्या ढाब्यावरचाच हवा असं नाही. घरी तेल निम्मं लागतं.

भाज्या दिवसाला ४०० ग्रॅम आणि फळं १०० ग्रॅम, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं २०२४ चं प्रमाण आहे. भाकरीच्या कडेला टेकवलेली चमचाभर भाजी त्यात मोजू नका.

४. शेंगदाणे निवडून घ्या

शेंगाची चटणी नसेल तर आपलं जेवण होत नाही. पण ओल लागलेल्या शेंगदाण्यावर बुरशी धरते. तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन यकृताच्या कॅन्सरचं सिद्ध कारण आहे आणि ते भाजल्याने पूर्ण जात नाही. काळपट, सुरकुतलेले, कडू दाणे टाकून द्या. स्वस्तातले फुटके दाणे कुटून चटणीत खपवणं बंद करा.

५. मटणाचं माप ठरवा

मटणही लाल मांसातच, म्हणजे बकरा, गाय, डुक्कर अशा जनावरांच्या मांसात येतं, कोंबडी आणि मासे नाहीत. शिजवलेलं लाल मांस आठवड्याला ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत ठेवा, असा सल्ला आहे. रविवारचा एक रस्सा यात सहज बसतो. गोव्याहून येणारं सॉसेज मात्र सणासुदीपुरतंच बरं.

दूध-ताकही सोडून पूर्ण वनस्पतीज आहार घेणार असाल तर बी१२ जीवनसत्त्वाची गोळी डॉक्टरांना विचारून घ्याच. ऑक्सफर्डच्या अभ्यासात अशा लोकांमध्ये खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण मांस खाणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त होतं. कॅल्शियम आणि डाळी-कडधान्यांकडेही लक्ष हवं.

६. जेवणानंतर तोंडात काय जातं ते बघा

खरं सांगायचं तर वरचं सगळं यापुढे फिकं आहे. २०२० च्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी अहवालाप्रमाणे देशातले सुमारे २७ टक्के कॅन्सर तंबाखूशी जोडलेल्या जागांचे: तोंड, घसा, फुप्फुस वगैरे. निपाणी-चिकोडीच्या भागाने तंबाखूवर घरं बांधली, पोरं शिकवली, विड्या वळणाऱ्या बायांनी संसार ओढले. म्हणूनच या विषयावर इथे कुणी मोठ्याने बोलत नाही. पण तळहातावर मळलेली चिमूट झाडाचीच असली तरी शाकाहारात धरता येत नाही. बायकांची मिसरीही तंबाखूच. आणि नुसती सुपारीसुद्धा कॅन्सरकारकांच्या पहिल्या गटात आहे, हे अनेकांना ठाऊकच नसतं. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून आणि कर्नाटकात २०१३ पासून बंदी आहे, तरी मसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत घेऊन लोक मिसळून खातातच. ताटात एकच बदल करायची ताकद असेल तर तो ताटाबाहेर करा, ही पुडी सोडा.

७. आजार झालाच असेल तर

उपचार सुरू असताना कुणाच्या सांगण्यावरून अन्न तोडू नका. केमोच्या काळात वजन आणि प्रथिनं टिकवणं महत्त्वाचं असतं, तेव्हा अंडं-दूध बंद करायचं की नाही ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा. आणि शाकाहारी असा वा नसा, तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तोंड पूर्वीसारखं उघडेना, शौचातून रक्त गेलं किंवा शौचाची सवय अचानक बदलली, तर मूळव्याध असेल म्हणून घरी बसू नका. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवा, तिथून पुढची चिठ्ठी मिळते.