वर्म गिअर उघडलात की आधी आटे मोजा

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये वर्म गिअरबॉक्स दुरुस्तीला आला की नवीन पोराच्या हातात मी पान्याआधी खडू देतो. वर्म म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला दांडा, आणि तो फिरवतो ते दातांचं चाक म्हणजे व्हील. झाकण काढायचं, व्हीलच्या एका दाताला खूण करायची आणि वर्म हातानं बरोब्बर एक फेरा फिरवायचा. खूण एक दात सरकली तर वर्म एका आट्याचा, दोन दात सरकली तर दोन आट्यांचा. मग व्हीलचे दात मोजून त्याला आट्यांनी भागायचं. ६० दात आणि २ आटे, म्हणजे ३० ला १. नुसते दात मोजून ६० ला १ ची ऑर्डर दिलीत तर मशीन निम्म्या वेगानं चालेल. आयटीआयला मिलिंग केलेल्यांना डिव्हायडिंग हेड, म्हणजे जॉब मोजून थोडा थोडा फिरवायचं साधन, आठवत असेल. तिथं एका आट्याचा वर्म आणि ४० दातांचं व्हील असतं, म्हणून हँडल ४० फेरे फिरवल्यावर जॉब एकदा फिरतो.

वर्म उभा धरून आट्यांची दिशाही बघून घ्या. समोरचे आटे उजवीकडं चढत असतील तर तो उजव्या हाताचा. काटकोनातल्या शाफ्टांना व्हीलही त्याच हाताचं लागतं.

आता खरी गोष्ट. वर्म म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला घाटरस्ता. त्याची चढण किती आहे, यावर गिअरचा सगळा स्वभाव ठरतो. आट्यांची संख्या गुणिले मोड्यूल (दाताच्या आकाराचं माप), भागिले वर्मचा पिच व्यास (दात जिथं जुळतात तिथला व्यास), हा चढणीच्या कोनाचा टॅन. मोड्यूल ४ आणि पिच व्यास ४० मिमी घेतला तर एका आट्याला सुमारे ५.७ अंश येतात, चार आट्यांना सुमारे २१.८. इथं दात दातावर लोळत नाही, घासत सरकतो. घर्षण गुणांक ०.०५ धरला तर पहिल्या वर्ममधून साधारण ६६ टक्केच ताकद पुढं जाते, दुसऱ्यातून ८७ टक्के. उरलेल्याची उष्णता होते. म्हणून वर्मच्या बॉक्सला पंखा आणि फिन्स (गार करणाऱ्या पट्ट्या) असतात, आणि बॉडीला हात टेकवत नाही एवढ्यावरून लगेच घाबरायचं कारण नसतं.

याच चढणीमुळं ‘वर्म उलटा फिरत नाही’, म्हणजे व्हीलकडून जोर लावून वर्म फिरवता येत नाही, असं म्हणतात. चढण घर्षणाच्या कोनापेक्षा (ज्याचा टॅन म्हणजे घर्षण गुणांक) कमी असेल तोवर ते खरं आहे. पण थांबलेल्या दाताचं घर्षण जास्त असतं आणि हादरा बसला की ते उतरतं. एका गुळाच्या गोदामात पोती वर चढवायचा हॉइस्ट (भार उचलायचं यंत्र) होता, ब्रेक नव्हता. शेजारची हादरणारी चाळणी सुरू झाली आणि लटकलेला भार कुणी हात न लावता हळूहळू दीड फूट खाली आला. खाली हमाल वाकलेला होता. तो बाजूला झाला म्हणून वाचला. तेव्हापासून ब्रेक मोटर (बंद होताच ब्रेक लागणारी मोटर) नसलेला हॉइस्ट आमच्या शेडमधून बाहेर जात नाही.

प्रकार ओळखायला बोट फिरवा. वर्म सरळ आणि व्हीलचे दातही वरून सपाट असले तर दोघं जेमतेम एका ठिपक्यावर टेकतात, ते हलक्या कामाचं. व्हीलचा माथा मधोमध खोलगट असेल तर ते वर्मला कवेत घेतं. आमच्याकडं येणारं बहुतेक काम हेच. वर्मसुद्धा डमरूसारखा कमरेत बारीक असेल तर एका वेळी जास्त दात भार घेतात. हा अवजड कामाचा. तो जोडीनंच बदलावा आणि बसवताना तिन्ही बाजूंनी माप जुळायला हवं. सीएनसीच्या रोटरी टेबलात ड्युप्लेक्स वर्म भेटेल. त्याचा दात एका टोकाकडं जाड होत जातो, म्हणून तो पुढं सरकवून बॅकलॅश (दातांमधली मोकळी फट) काढता येतो.

खोलगट व्हील बसवताना मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. वर्मच्या आट्याला निळ्याचा (खूण उमटवायच्या निळ्या रंगाचा) पातळ हात द्या, फिरवा आणि व्हीलच्या दातावर उठलेला डाग बॅटरीच्या उजेडात बघा. डाग मधोमध हवा आणि वर्म जिकडून बाहेर पडतो त्या बाजूला किंचित झुकलेला. आत शिरायच्या बाजूला थोडी फट राहिली तरच तेल ओढलं जातं. डाग एका कडेला गेला तर वर्मला हात लावू नका, व्हीलच्या शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या) बदला. कधी ०.१ मिमीच्या एका शिमनं काम होतं, कधी अख्खी दुपार जाते.

तेल नेमप्लेटवर लिहिलेलंच घाला, बहुधा व्हीजी ४६० किंवा ३२० (हा तेलाच्या घट्टपणाचा आकडा). गंधकाचं कडक ईपी (जास्त दाबासाठीचं) तेल तापलं की फॉस्फर ब्राँझचं व्हील खातं. पॉलिग्लायकॉल (कृत्रिम) तेल मिनरल (खनिज) तेलात मिसळू नका. नव्या व्हीलच्या पहिल्या तेलात सोनेरी झाक दिसली तर ती दात रुळल्याची. तेल बदला, चालवा. बोटाला टोचतील असे ब्राँझचे तुकडे आले, तर मशीन तिथंच थांबवून परत निळा लावा.