लिनक्सवर लॉगिन होत नाही तेव्हा: नव्याने काम शिकणाऱ्यांसाठी

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून घणसोलीला उतरायचे आणि तिथून रिक्षाने महापेच्या एमआयडीसीत जायचे, असा माझ्या नोकरीचा पहिला काळ गेला. कार्यालयातील संगणकांवर लिनक्स टाकणे आणि प्रत्येकाचे खाते उघडून देणे हे माझे काम होते. त्या दिवसांत केवळ लॉगिन होत नाही म्हणून मी दोन संगणकांवर संपूर्ण लिनक्स पुन्हा टाकले. दोन्ही ठिकाणी एका ओळीच्या आज्ञेने काम झाले असते, हे मला बऱ्याच उशिरा समजले. नव्याने या कामात येणाऱ्या मुलामुलींना मी म्हणूनच आग्रहाने सांगतो की, पुन्हा इन्स्टॉल करण्याचा विचार मनात आला तरी आधी लॉगिन नेमके कोणत्या टप्प्यावर अडले आहे ते शोधा.

हा टप्पा ओळखण्यासाठी पडद्याकडे नीट पाहावे लागते. पासवर्ड चुकीचा आहे असा संदेश आला, तर प्रणालीला आपली ओळख पटलेली नाही. संदेश काहीच न येता पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा लॉगिनची चौकट समोर आली, तर मात्र पासवर्ड बहुधा बरोबर आहे आणि बिघाड त्याच्या पुढे आहे. या दोन तक्रारी ऐकायला सारख्या वाटतात, पण त्यांची कारणे अगदी वेगळी असतात.

ओळखच पटत नसेल तर आधी कीबोर्ड तपासावा. इन्स्टॉल करताना ब्रिटिश मांडणी निवडली गेली आणि प्रत्यक्ष कीबोर्ड अमेरिकन पद्धतीचा असला, तर ॲटचे चिन्ह आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांची अदलाबदल होते. पासवर्डमध्ये ॲट असेल तर तो कितीही काळजीपूर्वक टाइप केला तरी चुकतोच. मराठी इनस्क्रिप्ट मांडणी पहिल्या क्रमांकावर राहिली तर इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरे उमटतात आणि ठिपक्यांमागे ती दिसतही नाहीत. अशा वेळी तोच पासवर्ड वापरकर्त्याच्या नावाच्या रकान्यात, आजूबाजूला कोणी नसताना, एकदा टाइप करून पाहावा. काळ्या टर्मिनलवर, म्हणजे फक्त आज्ञा टाइप करून काम करण्याच्या पडद्यावर, पासवर्ड लिहिताना ठिपकेही दिसत नाहीत, त्यामुळे कीबोर्ड चालत नाही असा नवख्यांचा समज होतो; तसे काही नसते. फेललॉक, म्हणजे चुकीचे प्रयत्न मोजून खाते तात्पुरते बंद करणारी सोय, चालू असलेल्या प्रणालीवर त्याच्या मूळ सेटिंगनुसार 3 चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते 10 मिनिटे बंद राहते, आणि त्या काळात बरोबर पासवर्डही नाकारला जातो. म्हणून घाईघाईने पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नयेत.

खाते तुम्हीच उघडले असेल तर ते कसे उघडले हेही आठवून पाहा. डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर ‘युजरॲड’ ही आज्ञा नुसती दिली, तर खाते तयार होते, पण होम फोल्डर, म्हणजे त्या वापरकर्त्याच्या फाइलींची जागा, तयार होत नाही आणि पासवर्ड दिला जाईपर्यंत खाते कुलूपबंद राहते. ‘ॲडयुजर’ ही आज्ञा मात्र फोल्डरही तयार करते आणि पासवर्डही विचारते. नावे इतकी सारखी आहेत की ही गफलत अनुभवी माणसांकडूनही होते.

आता पासवर्ड मान्य होऊनही आत न जाता येण्याच्या प्रकाराकडे वळतो, कारण माझा सर्वाधिक वेळ यातच गेला आहे. पडदा पुन्हा पुन्हा लॉगिनवर येत असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-3 ही बटणे एकत्र दाबावीत. साधे टर्मिनल उघडते आणि बहुतेक वेळा तिथून आत जाता येते. आत गेल्यावर प्रथम ‘डीएफ’ या आज्ञेने डिस्कवर जागा आहे का ते पाहावे, कारण डिस्क पूर्ण भरली असेल तर सत्र सुरू करण्यासाठी लागणाऱ्या लहानशा फाइलीही लिहिता येत नाहीत. जागा असेल तर होम फोल्डरचा मालक कोण आहे ते पाहावे.

नौपाड्यातील एका वाचनालयाच्या संगणकावर हाच प्रकार झाला होता. जुन्या प्रणालीवर ग्रंथपाल बाई आणि त्यांचे मदतनीस अशी दोन खाती होती. त्यांच्या फाइली वेगळ्या होम पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या स्वतंत्र भागावर, असल्यामुळे ते पार्टिशन तसेच ठेवून मी नवीन लिनक्स टाकले, देखभालीसाठी आधी माझे खाते उघडले आणि मग त्या दोघांची जुन्याच नावांनी खाती उघडली. बाईंनी पासवर्ड दिला की पडदा काळा व्हायचा आणि परत लॉगिनवर यायचा. टर्मिनलवर होम फोल्डरची यादी काढली, तेव्हा बाईंच्या फोल्डरपुढे मालक म्हणून माझे नाव होते आणि मदतनिसांच्या फोल्डरपुढे बाईंचे.

याचे कारण असे की, फाइलीवर मालकाचे नाव लिहिलेले नसते, फक्त क्रमांक लिहिलेला असतो, आणि यादीत दिसणारे नाव त्या क्रमांकावरून त्या वेळी शोधून दाखवले जाते. आजच्या बहुतेक वितरणांत, म्हणजे डेबियन, फेडोरा अशा लिनक्सच्या प्रकारांत, पहिल्या सामान्य वापरकर्त्याला 1000, पुढच्याला 1001 असे क्रमांक मिळतात. जुन्या प्रणालीवर बाई 1000 होत्या. नव्या प्रणालीवर तो क्रमांक माझ्या खात्याने घेतला आणि पुढचे सगळे एकेक घर सरकले. बाईंना स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी उरली नाही, उलट मदतनिसांच्या खासगी फाइली मात्र त्यांच्यासाठी खुल्या झाल्या. ‘चोन’ या मालक बदलणाऱ्या आज्ञेने दोन्ही फोल्डर, आतील सर्व फाइलींसह, ज्याचे त्याच्या नावावर केले आणि बाई पहिल्याच प्रयत्नात आत गेल्या.

अशा वेळी कोणीतरी फोल्डरला, आतील सर्व फाइलींसह, ‘चमॉड 777’ देण्याचा, म्हणजे सर्वांना सर्व परवानग्या देण्याचा सल्ला देतो. कृपया तो ऐकू नका. त्याने लॉगिन होईलही, पण त्या फोल्डरमधील प्रत्येक फाइल संगणकावरील कोणालाही वाचता आणि बदलता येईल, आणि पुढे एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून, पासवर्डऐवजी किल्लीची फाइल वापरून यायचे ठरवले तर इतक्या मोकळ्या फोल्डरमधील किल्ली एसएसएच स्वीकारणार नाही. प्रश्न मालकीचा असेल तर मालकीच दुरुस्त करावी.

आत जाता येते, पण सुडो, म्हणजे साध्या खात्यातून प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा देण्याची सोय, चालत नाही, ही तिसरी तक्रार. डेबियन इन्स्टॉल करताना रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड दिला, तर पहिल्या वापरकर्त्याला सुडोचा अधिकार मिळत नाही. तो रकाना रिकामा ठेवला तर मिळतो. हा अधिकार डेबियन आणि उबुंटूवर ‘सुडो’ नावाच्या गटातून, तर फेडोरावर ‘व्हील’ गटातून येतो. गटात नाव घालताना ‘युजरमॉड’ या आज्ञेला कॅपिटल जीच्या आधी स्मॉल ए द्यायलाच हवा. तो राहिला तर नवीन गट मिळतो, पण आधीचे सर्व जोडगट, म्हणजे मुख्य गटाखेरीजचे गट, काढून टाकले जातात. महापेला मी एकाला प्रिंटरच्या गटात घालताना ही चूक केली आणि त्या संगणकावरचा एकमेव सुडो अधिकार गेला. गटातील बदल पुन्हा लॉगिन केल्यावरच लागू होतो, त्यामुळे चूक दुसऱ्या दिवशी सकाळी उघड झाली.

अशा प्रसंगी ग्रबच्या, म्हणजे संगणक सुरू होताना दिसणाऱ्या, यादीतून रिकव्हरीत जाऊन रूट म्हणून दुरुस्ती करता येते. रेड हॅट कुळातील (उदा. फेडोरा) प्रणालीवर या मार्गाने पासवर्ड बदलला, तर सर्वांत वरच्या मूळ फोल्डरमध्ये ‘ऑटोरीलेबल’ नावाची, सुरुवातीला टिंब असलेली रिकामी फाइल करून ठेवण्यास विसरू नये. एसई-लिनक्स या सुरक्षा व्यवस्थेने फाइलींना लावलेली लेबले जुळली नाहीत तर नवा पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन पुन्हा अडते.

सुडोचे अधिकार ठरवणारी सुडोअर्स फाइल नेहमी ‘व्हिसुडो’ या आज्ञेनेच उघडावी, कारण ती जतन होण्यापूर्वी तिच्यातील चूक दाखवली जाते. लॉगिनच्या वेळी ओळख पटवणाऱ्या पॅम या व्यवस्थेच्या फाइलींसाठी अशी तपासणी होत नाही. त्यांना हात लावायचा असेल तर एका टर्मिनलवर रूट म्हणून आत राहूनच बदल करावा, दुसऱ्या टर्मिनलवर साध्या खात्याने लॉगिन करून पाहावे, आणि ते व्यवस्थित झाल्याची खात्री पटल्यावरच पहिल्या टर्मिनलमधून बाहेर पडावे.