निकालाची तारीख आधी बघा, टक्के नंतर

"पदवीला आता कोण विचारतं?" असं म्हणणाऱ्याची स्वतःची पदवी बहुधा घरी फाइलीत नीट लावलेली असते. बँकेतली पीओ (अधिकारी) आणि क्लार्कची भरती घ्या, यूपीएससी घ्या, राज्यसेवा घ्या, पदवीशिवाय नोकरीच मिळत नाही. विद्यापीठ मान्यताप्राप्त असलं की पुरे. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची पदवीही चालते. तेव्हा 'आमचं कॉलेज साधं' हे रडगाणं बंद करा.

घोडं अडतं ते तारखेवर. सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या जाहिरातीत पात्रतेची एक तारीख दिलेली असते आणि त्या दिवसापर्यंत निकाल जाहीर झालेला लागतो. शेवटचा पेपर दिला म्हणून कुणी पदवीधर होत नाही. यूपीएससीची पूर्वपरीक्षा शेवटच्या वर्षाला असतानाही देता येते, पुरावा मुख्य परीक्षेच्या अर्जाबरोबर द्यावा लागतो. तीच सवलत बँकेतही असेल असं धरून पोरं फॉर्म भरतात आणि कागदपत्र तपासणीत बाद होतात.

उत्तीर्ण झाल्याची तारीख म्हणजे गुणपत्रिकेवर किंवा तात्पुरत्या पदवी प्रमाणपत्रावर छापलेली तारीख. समजा, निकाल ऑनलाइन लागला जूनमध्ये, पात्रतेची तारीख जुलैतली आणि गुणपत्रिकेवर छापलंय ऑगस्ट. कागदोपत्री तुम्ही अपात्र! यावर उपाय आहे: निकाल अमुक तारखेला संकेतस्थळावर जाहीर झाला, असं विद्यापीठाच्या सक्षम अधिकाऱ्याचं सही-शिक्क्याचं पत्र. ते मागणं हा तुमचा हक्क आहे, लाजू नका. पण मुलाखतीचं बोलावणं येईपर्यंत थांबलात तर परीक्षा विभागाच्या खेपा घालत बसाल. निकालाच्या आठवड्यातच अर्ज द्या, पोच घ्या, आवक क्रमांक लिहून ठेवा. एटीकेटी असेल तर शेवटचा विषय सुटल्याचा निकाल धरतात; बाकीची सेमिस्टर कितीही झळकोत.

'फॉर्म आम्ही भरून देतो' म्हणणाऱ्या क्लासवाल्यांवर आणि सायबर कॅफेवर विसंबू नका. त्यांचे पैसे फॉर्मगणिक असतात, तारीख बघायची त्यांना काय पडलीय?

सीजीपीएला सरळ दहाने गुणून टक्केही भरू नका. प्रत्येक विद्यापीठाचं सूत्र वेगळं, बऱ्याचदा गुणपत्रिकेच्या मागेच छापलेलं असतं. आयबीपीएसला 59.99 म्हणजे 60 नव्हेत.

राहिलं नाव. ते दहावीच्या प्रमाणपत्राशी अक्षर न् अक्षर जुळवून बघा. लग्नानंतर बदललं असेल, तर राजपत्राची प्रत त्याच फाइलीत लावा.